पर्यावरणीय चिंता आणि शब्दनिर्मिती : इंग्रजी शब्दसंपदा व परभणी परिसरातील मराठी यांच्या संदर्भात एक विवेचन

बीजसंज्ञा : पर्यावरण, शब्दनिर्मिती, परिभाषा, हवामान बदल, दुष्काळ, परभणी जिल्हा, बोलीभाषा

१. प्रस्तावना

भाषा ही समाजजीवनाचा आरसा आहे, असे आपण नेहमीच म्हणतो. परंतु आरसा केवळ समोरचे दृश्य दाखवितो. भाषा मात्र समाजाला काय दिसावे व काय दिसू नये, हेही बऱ्याच अंशी ठरविते. गेल्या दीड शतकात, विशेषतः १९६२ साली रेचेल कार्सन यांचा 'सायलेंट स्प्रिंग' हा ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतर, पर्यावरणाविषयीच्या चिंतेने इंग्रजी भाषेत शेकडो नवे शब्द आणले. त्यांपैकी अनेक शब्द भाषांतर, लिप्यंतर किंवा संक्षेप या मार्गांनी मराठीत आले आणि शासकीय पत्रके, वृत्तपत्रे व पाठ्यपुस्तके यांच्यामार्फत परभणीसारख्या कृषिप्रधान जिल्ह्यातील खेड्यांपर्यंत पोहोचले.

हे शब्द इंग्रजीत कसे घडले, मराठीत येताना त्यांच्या अर्थाचे काय झाले आणि येथील शेतकऱ्याच्या व विद्यार्थ्याच्या दृष्टीने त्याचे परिणाम कोणते, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. हा विषय केवळ भाषेच्या अध्यापकांचा आहे, असे मानण्याचे कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ व २००३ मधील आदेशांनंतर पर्यावरण अभ्यास हा विषय पदवी स्तरावर अनिवार्य झाला. त्यामुळे कला, वाणिज्य व विज्ञान या तिन्ही शाखांच्या अध्यापकांना ही परिभाषा हाताळावी लागते.

२. इंग्रजीतील शब्दनिर्मितीच्या वाटा

पर्यावरणविषयक इंग्रजी शब्द प्रामुख्याने पाच वाटांनी तयार झालेले दिसतात.

पहिली वाट अभिजात भाषांतील धातूंची. जर्मन जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यांनी १८६६ मध्ये 'घर' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून जी संज्ञा घडविली, तीच पुढे इंग्रजीत 'इकॉलॉजी' झाली. त्यातील 'इको' हा अंश कालांतराने स्वतंत्र उपसर्गच बनला आणि 'इको-फ्रेंडली', 'इको-टुरिझम' असे असंख्य शब्द त्यातून निघाले. दुसरी वाट दोन शब्दांच्या संकराची. धूर व धुके या अर्थांच्या इंग्रजी शब्दांचे तुकडे जोडून झालेला 'स्मॉग' हा शब्द १९०५ मध्ये लंडन येथे डॉ. हेन्री दे व्हो यांनी प्रचारात आणला, असे मानले जाते. मराठीतील 'धुरके' हा शब्द याच पद्धतीचा आहे.

तिसरी वाट समासाची. 'ॲसिड रेन', 'ग्लोबल वॉर्मिंग', 'कार्बन फुटप्रिंट' हे सर्व शब्द जुन्याच शब्दांच्या नव्या जोड्या आहेत. वॉलेस ब्रोकर यांच्या १९७५ मधील शोधनिबंधाच्या शीर्षकात 'ग्लोबल वॉर्मिंग' हा शब्दप्रयोग आला व तो पुढे जगभर रूढ झाला. चौथी वाट अर्थविस्ताराची. 'ग्रीन' हा रंगवाचक शब्द राजकीय पक्ष, ऊर्जा, इमारती आणि कर्जरोखे यांचे विशेषण झाला.

पाचवी वाट उसनवारीची. 'मान्सून' हा शब्द अरबीतील ऋतुवाचक शब्दापासून पोर्तुगीजांमार्फत इंग्रजीत गेला, तर 'जंगल' हा शब्द भारतीय भाषांनी इंग्रजीला दिला. १९७३ मध्ये गढवालमध्ये सुरू झालेल्या आंदोलनामुळे 'चिपको' हा शब्दही जगाला परिचित झाला. 'सायक्लोन' या शब्दाची घडण ग्रीक असली तरी तो एकोणिसाव्या शतकात कोलकात्यातील हेन्री पिडिंग्टन यांनी बंगालच्या उपसागरातील वादळांच्या अभ्यासातून प्रचारात आणला. या क्षेत्रात भारत केवळ घेणारा देश राहिलेला नाही.

या शब्दांच्या लोकप्रियतेचा आलेख शब्दकोशकारांच्या वार्षिक निवडीतून दिसतो. ऑक्सफर्डने २००७ मध्ये ब्रिटनसाठी 'कार्बन फुटप्रिंट' आणि २०१९ मध्ये 'क्लायमेट इमर्जन्सी' या शब्दांची वर्षाचा शब्द म्हणून निवड केली. कॉलिन्स शब्दकोशाने २०१८ मध्ये 'सिंगल-यूज' व २०१९ मध्ये 'क्लायमेट स्ट्राइक' यांना तो मान दिला. २०२१ मध्ये ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीने हवामानविषयक शब्दांसाठी खास पुरवणी काढली. 'इको-अँग्झायटी' म्हणजे पर्यावरणाच्या ऱ्हासामुळे वाटणारी चिंता, हा शब्दही त्यात होता. प्रारंभी धूर, पाऊस व तापमान यांचे वर्णन करणारा हा शब्दसमूह आता माणसाच्या मनःस्थितीचेही वर्णन करू लागला आहे.

३. शब्दांमागील हितसंबंध

पर्यावरणाचे शब्द तटस्थ नसतात, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. अमेरिकेतील राजकीय सल्लागार फ्रँक लुंट्झ यांनी २००२ च्या सुमारास आपल्या पक्षाला दिलेल्या टिपणात 'ग्लोबल वॉर्मिंग'ऐवजी 'क्लायमेट चेंज' हा शब्द वापरावा, कारण तो कमी भीतिदायक आहे, असे सुचविले होते. याउलट 'द गार्डियन' या ब्रिटिश वृत्तपत्राने मे २०१९ मध्ये आपल्या लेखननियमांत बदल करून 'क्लायमेट चेंज'ऐवजी 'क्लायमेट क्रायसिस' किंवा 'इमर्जन्सी' या शब्दांना पसंती दिली. वस्तुस्थिती एकच, परंतु एका पक्षाला सौम्य शब्द हवा होता, तर दुसऱ्याला तीव्र.

'कार्बन फुटप्रिंट' या शब्दाचा प्रवासही उद्बोधक आहे. विल्यम रीस यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या 'इकॉलॉजिकल फुटप्रिंट' या संकल्पनेतून तो आला. मात्र पुढील दशकात बीपी या तेल कंपनीच्या जाहिरातींनी प्रत्येक व्यक्तीने स्वतःचा कार्बन फुटप्रिंट मोजावा, ही कल्पना लोकप्रिय केली. परिणामी उत्पादकाच्या जबाबदारीची चर्चा ग्राहकाच्या सवयींकडे वळली, अशी टीका नंतर झाली. अशा दिखाऊ पर्यावरणप्रेमासाठी जे वेस्टरव्हेल्ड यांनी १९८६ मध्ये 'ग्रीनवॉशिंग' हा शब्द दिला. ग्राहकांना टॉवेल पुन्हा वापरण्याचे आवाहन करणाऱ्या हॉटेलांवरील लेखात त्यांनी तो वापरला होता.

४. मराठीत येताना : तीन अडचणी

इंग्रजीतून आलेल्या पारिभाषिक शब्दांचे मराठीकरण करताना अर्थाची गळती होते किंवा भलताच अर्थ चिकटतो. त्याची तीन ठळक उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण 'क्लायमेट चेंज' हेच. इंग्रजीत 'वेदर' म्हणजे आज-उद्याची स्थिती आणि 'क्लायमेट' म्हणजे दीर्घकाळाची सरासरी स्थिती, हा भेद मूलभूत आहे. शालेय भूगोलात त्यासाठी अनुक्रमे 'हवा' व 'हवामान' असे शब्द योजले आहेत. परंतु व्यवहारात आपण रोजच्या पावसाच्या भाकितालाही 'हवामान अंदाज' म्हणतो आणि ते देणाऱ्या कार्यालयाला 'हवामान खाते'. त्यामुळे 'हवामान बदल' हा शब्द ऐकणाऱ्याला दोन दिवसांत ऊन जाऊन ढग आले, एवढाच बोध होण्याची शक्यता असते. २०२० मध्ये राज्य शासनाच्या पर्यावरण विभागाचे नाव 'पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग' असे झाले. आता एकाच संकल्पनेसाठी 'हवामान बदल' व 'वातावरणीय बदल' असे दोन शब्द चालतात. शिवाय 'वातावरण' हा शब्द 'ॲटमॉस्फिअर'साठी आधीपासूनच रूढ आहे. एकाच उत्तरपत्रिकेत हे तिन्ही शब्द सरमिसळ झालेले आढळतात; त्याचा दोष केवळ विद्यार्थ्याला देता येत नाही.

दुसरे उदाहरण 'हरित' या शब्दाचे. विल्यम गॉड यांनी १९६८ मध्ये वापरलेला 'ग्रीन रिव्होल्यूशन' हा शब्द मराठीत 'हरित क्रांती' झाला. त्यात संकरित बियाणे, रासायनिक खते, कीटकनाशके व सिंचन यांचा समावेश होता. पुढे 'ग्रीन' याचाच अर्थ 'पर्यावरणस्नेही' असा झाला आणि 'हरित ऊर्जा', 'हरित न्यायाधिकरण' हे शब्द आले. आज एकच 'हरित' हा शब्द रासायनिक शेतीचे आणि तिच्या विरोधातील विचाराचेही विशेषण आहे. 'हरितगृह परिणाम' या शब्दात तर गोंधळ आणखी वाढतो. थंड प्रदेशातील माणसाला काचगृहातील ऊब माहीत असते, म्हणून तेथे हे रूपक चटकन पोहोचते. आपल्याकडे मात्र 'हरितगृह' म्हटले की अनुदानावर उभारलेले, भाजीपाला व फुले पिकविणारे पॉलिहाऊस डोळ्यांसमोर येते. मग 'हरितगृह वायू' हे काहीतरी उपयुक्तच असणार, असे विद्यार्थ्याला वाटले तर नवल नाही. ज्या जिल्ह्यात मे महिन्यात पत्र्याखाली बसवत नाही, तेथे काचेपेक्षा पत्र्याच्या बंद खोलीचे उदाहरण अधिक लवकर समजते.

तिसरे उदाहरण 'सस्टेनेबल' या विशेषणाचे. ब्रुंटलँड आयोगाच्या १९८७ मधील अहवालामुळे 'सस्टेनेबल डेव्हलपमेंट' ही संज्ञा सर्वतोमुखी झाली. तिच्यात मर्यादेची जाणीव आहे. पुढील पिढ्यांच्या गरजांना बाध न आणता जेवढे पेलवेल तेवढेच, असा तिचा आशय आहे. मराठीत आपण 'शाश्वत विकास' म्हणतो. 'शाश्वत' म्हणजे नित्य, अविनाशी. मूळ शब्दातील अट निघून गेली आणि उरले ते आश्वासन.

५. परभणीच्या शिवारात रुजलेले आणि न रुजलेले शब्द

परभणी जिल्हा गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या खोऱ्यात वसला आहे. गोदावरीला येथे 'गंगा' म्हणतात; गंगाखेड हे तालुक्याचे नाव त्याचीच साक्ष देते. हा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असल्याने महसुलाच्या भाषेवर उर्दूचा प्रभाव होता. पाणी, जमीन व पीक यांविषयीच्या येथील भाषेत म्हणूनच तीन थर दिसतात : मूळ बोलीचा, दरबारी उर्दू-फारसीचा आणि स्वातंत्र्योत्तर काळातील इंग्रजीजन्य परिभाषेचा. १९७२ चा दुष्काळ ही या तिसऱ्या थराची सुरुवात मानता येईल. त्याच वर्षी १८ मे रोजी परभणी येथे मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. २०१३ पासून ते वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते. एका बाजूला टंचाई आणि दुसऱ्या बाजूला संशोधन व विस्तारकार्य, यांमुळे अनेक नवे शब्द एकाच वेळी शिवारात आले.

त्यांपैकी कोणते रुजले, हे पाहणे उद्बोधक आहे. 'ड्रिप इरिगेशन'साठी आलेला 'ठिबक' हा शब्द इतका रुजला की शेतकरी 'सिंचन' हे पद गाळून 'यंदा ठिबक टाकले' असेच म्हणतो. थेंब थेंब गळण्याची क्रिया त्याला आधीच ठाऊक होती. 'हातपंप' हा अधिकृत शब्द मागे पडून 'हापसा' पुढे आला, कारण तो दांडा मारण्याच्या शारीरिक क्रियेतून जन्मला. 'शेततळे' हा शब्दही सहज स्वीकारला गेला. याउलट 'विंधन विहीर' हा शब्द शासकीय फलकावरच राहिला आणि बोलण्यात 'बोअर' टिकला. 'वॉटरशेड'साठी योजलेला 'पाणलोट' हा शब्द मात्र अर्थवाही ठरला. मुळात ब्रिटिश इंग्रजीत 'वॉटरशेड' म्हणजे दोन खोऱ्यांना विभागणारी रेषा. पुढे अमेरिकन वापरात त्याचा अर्थ संपूर्ण पाणलोट क्षेत्र असा झाला. मराठी शब्दात पाणी लोटण्याची क्रियाच असल्याने ही संदिग्धता उद्भवली नाही.

संक्षेपांचा प्रश्न वेगळा आहे. रुंद वरंबा-सरी पद्धतीला शेतकरी 'बीबीएफ' म्हणतात. २०१८ मध्ये सुरू झालेल्या व मराठवाड्याचा समावेश असलेल्या हवामान अनुकूल कृषी प्रकल्पाला शासनाने नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प असे नाव दिले. परंतु गावात तो 'पोकरा' या इंग्रजी आद्याक्षरांच्या शब्दानेच ओळखला गेला. त्या आद्याक्षरांत 'हवामान बदलाला तोंड देणारी शेती' हा अर्थ दडलेला आहे, तो उच्चारात राहिला नाही. 'पोकरा' म्हणजे अनुदानाची योजना, एवढाच अर्थ शिल्लक राहिला. संकल्पना समजावून देण्यासाठी आलेला शब्दच संकल्पनेला झाकून टाकतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

लोकभाषा केवळ स्वीकारत नाही, ती भाष्यही करते. पन्नासच्या दशकात पुण्यात प्रथम आढळलेले आणि परदेशी धान्यासोबत आल्याचे मानले जाणारे पार्थेनियम हे तण राज्यभर पसरले. त्याला 'गाजर गवत' हे नाव पानांच्या साम्यावरून मिळाले, तर 'काँग्रेस गवत' या नावात त्या काळच्या राजकारणाची छाया दिसते. उन्हाळ्यात वाढत गेलेल्या टँकरमुळे वृत्तपत्रांनी मराठवाड्याला 'टँकरवाडा' म्हटले. अशी बोचरी शब्दरचना परिभाषा कोशात सापडत नाही. पण पर्यावरणीय चिंतेची ती अस्सल निर्मिती आहे.

६. एका शब्दाची किंमत

शब्दाचा प्रश्न पोटाच्या प्रश्नाला कसा भिडतो, हे दुष्काळाच्या परिभाषेतून स्पष्ट होते. पीकस्थिती मोजण्याची पूर्वीची 'आणेवारी' दशमान पद्धतीनंतर 'पैसेवारी' झाली आणि ५० पैशांपेक्षा कमी पैसेवारी ही टंचाईची खूण ठरली. मात्र जाहीर करताना 'दुष्काळ' हा शब्द टाळून 'टंचाईसदृश' वा 'दुष्काळसदृश परिस्थिती' अशी शब्दयोजना होत असे. २०१५-१६ च्या भीषण टंचाईत, ज्या वर्षी शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. अखेर मे २०१६ मध्ये 'दुष्काळसदृश' याऐवजी 'दुष्काळ' असे वाचावे, असा शासनाचा आदेश निघाला. राज्यातील २९ हजारांहून अधिक गावांचे वर्णन त्यामुळे बदलले. आभाळ तेच होते, विहिरी त्याच होत्या. बदलला तो 'सदृश' हा एक प्रत्यय. पण मदत, वसुली व सवलती यांचा दावा त्या प्रत्ययाशी बांधलेला होता.

त्यानंतर केंद्राच्या २०१६ मधील दुष्काळ संहितेने नवी इंग्रजी परिभाषा आणली. पर्जन्यमान, मृदेतील आर्द्रता, वनस्पतिस्थिती आदी निर्देशांकांवरून 'ट्रिगर वन' व 'ट्रिगर टू' लागू होतात आणि त्यानंतर क्षेत्रीय पडताळणी होते. मराठीत 'ट्रिगर'साठी 'कळ' हा शब्द योजण्यात आला. शासकीय अर्थाने ती यंत्राची कळ आहे. सामान्य मराठी माणसाच्या कानाला मात्र 'कळ' म्हणजे वेदनाही असते. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी याच पद्धतीने राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्यांपैकी ११२ तालुक्यांत तो 'गंभीर' व ३९ तालुक्यांत 'मध्यम' होता. परभणी जिल्ह्यातील काही तालुके त्यात समाविष्ट होते. पूर्वी आणे-पैशांची का होईना, शेतकऱ्याला उलगडणारी मोजणी होती. आता निर्देशांकांची भाषा अधिक शास्त्रीय आहे, पण ती त्याच्या हातात नाही. आपला तालुका यादीत का नाही, हे विचारण्यासाठी लागणारे शब्दच त्याच्याजवळ नसतील तर तो दाद कशी मागणार?

अतिवृष्टीबाबतही हेच घडते. एखाद्या महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाल्यास ती 'अतिवृष्टी' होते. हवामानशास्त्रात 'ढगफुटी' म्हणजे ताशी सुमारे १०० मिलिमीटर पाऊस. बोलण्यात मात्र कोणत्याही मुसळधार पावसाला आपण ढगफुटी म्हणू लागलो आहोत. सप्टेंबर २०२४ आणि सप्टेंबर २०२५ मधील मराठवाड्यातील पुरांच्या वेळी 'यलो', 'ऑरेंज' व 'रेड अलर्ट' हे शब्द सर्वांच्या तोंडी होते. यातील पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा आणि लाल म्हणजे कृती करा, हा भेद रंगाच्या इंग्रजी नावाबरोबर पोहोचतोच असे नाही.

७. येणारे शब्द आणि जाणारे शब्द

पर्यावरणाविषयीचे शब्द वाढत असताना निसर्गाचे शब्द मात्र घटत आहेत, हा विरोधाभास इंग्रजीतही चर्चेचा विषय झाला. २००७ मध्ये ऑक्सफर्ड ज्युनिअर डिक्शनरी या मुलांच्या कोशाच्या आवृत्तीतून ओकचे फळ, खंड्या पक्षी अशा नैसर्गिक वस्तूंची नावे गळली व 'ब्रॉडबँड', 'ब्लॉग' असे शब्द आले. २०१५ मध्ये मार्गारेट ॲटवुड व रॉबर्ट मॅकफार्लेन यांच्यासह २८ लेखकांनी त्याविरुद्ध जाहीर पत्र लिहिले.

आपल्याकडे अशी नोंद ठेवणारा कोशही नाही. पावसाची नक्षत्रे मृगापासून सुरू होतात. पुनर्वसूचा 'तरणा' पाऊस, पुष्याचा 'म्हातारा' पाऊस, हस्ताचा 'हत्ती' ही नावे जुन्या पिढीच्या तोंडी सहज येतात. वळीव, झड, भुरभुर, उघडीप हे केवळ काव्यमय शब्द नव्हेत. ती निरीक्षणाची परिभाषा आहे. 'वाफसा' हा शब्द घ्या. पावसानंतर जमिनीत पेरणी-मशागतीस योग्य ओल व हवा यांचा मेळ जमण्याची ती अवस्था. इंग्रजीत तिच्यासाठी तितका नेमका एकच शब्द सापडत नाही. 'फील्ड कपॅसिटी' ही संज्ञा जवळची असली तरी ती केवळ पाण्याचे प्रमाण सांगते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नये, असा कृषी तज्ज्ञांचा सल्ला असतो. पर्जन्यमापकाचा तो आकडा आणि पायाखालचा वाफसा परस्परांना पूरक आहेत. मात्र पुढील पिढीला आकडा कळला आणि वाफसा कळला नाही, तर भारी काळ्या जमिनीत दुबार पेरणीचे संकट ओढवण्यास तेवढे अज्ञान पुरेसे आहे.

८. समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात. पर्यावरणीय चिंतेने इंग्रजीला समृद्ध शब्दसंपदा दिली; मात्र ती त्या समाजाच्या हवामानातून व राजकारणातून घडली आहे. तिचे शब्दशः मराठीकरण केल्यास 'हरितगृह' व 'शाश्वत' यांसारखे अर्थभ्रम निर्माण होतात. जे शब्द स्थानिक क्रियेशी जोडले गेले, ते रुजले. जे कार्यालयात घडले, ते फलकावर राहिले. आणि दुष्काळाच्या परिभाषेने दाखविल्याप्रमाणे, शब्दाची निवड हा हक्काचाही प्रश्न आहे.

या दृष्टीने महाविद्यालयीन अध्यापकांना तीन गोष्टी सहज करता येतील. पर्यावरण अभ्यासाच्या तासाला प्रत्येक इंग्रजी संज्ञेबरोबर तिचा इतिहास व तिच्यामागील रूपक सांगावे. 'हवा', 'हवामान' व 'वातावरण' या शब्दांचा वापर निदान एका महाविद्यालयात तरी सर्व विषयांत एकसारखा असावा. आणि या विषयाच्या अनिवार्य प्रकल्पकार्यात विद्यार्थ्यांकडून आपापल्या गावातील पाऊस, माती, तण व पाणी यांविषयीचे शब्द, ते सांगणाऱ्याच्या वयासह व वापराच्या प्रसंगासह, नोंदवून घ्यावेत. आपले बहुसंख्य विद्यार्थी शेतकरी कुटुंबांतून येतात. त्यांच्या घरातील वडीलधारी मंडळी हाच आपला पहिला संदर्भग्रंथ आहे. इंग्रजी आणि मराठी विभागांनी भूगोल व वनस्पतिशास्त्र विभागांच्या साहाय्याने हे काम हाती घेतल्यास जिल्ह्याचा एक छोटा पर्यावरण शब्दकोश सिद्ध होऊ शकेल. ज्या पिढीने मृगाची वाट पाहिली आणि 'ऑरेंज अलर्ट'ही ऐकला, ती पिढी अजून आपल्यात आहे. हे काम तिच्या हयातीतच व्हावयास हवे.